निदान कसे शिकवावे? : एका अध्यापनपरंपरेचा मागोवा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना या पेडणे तालुक्यात कोणी नावाने हाक मारल्याचे मला आठवत नाही. ते सर्वांचे नुसते ‘डॉक्टर’ होते. ते याच शाळेचे विद्यार्थी. माझ्या पुढे दोन इयत्ता. यंदाचे व्याख्यान मी द्यावे असा निरोप आला तेव्हा मी प्रथम नकार दिला. ज्याने आयुष्यभर मराठीचे अध्यापन केले, त्याने वैद्यकावर काय बोलावे? परंतु वैद्यकावर नव्हे, वैद्यकाच्या अध्यापनावर बोलता येईल, असे मागाहून वाटले. समोरच्या माणसाकडे पाहून त्याला काय झाले आहे याचा तर्क कसा करावा, ही गोष्ट विद्यार्थ्याला शिकवता येते काय, आणि ज्यांनी ती शिकवली त्यांनी ती कशी शिकवली, एवढाच आजचा विषय. तो निवडण्यास एक घरगुती कारणही आहे. ते ओघात येईल.

भाषेच्या शिक्षकाने शब्दापासून आरंभ करावा हे ठीक. ‘निदान’ या शब्दाचा संस्कृतातील अर्थ मूळ कारण. माधवकराचा ग्रंथ ‘माधवनिदान’ म्हणूनच ओळखला जातो. मराठीत मात्र या शब्दाने दुसरीही वाट धरली. जुन्या मराठीत ‘निदानी’ म्हणजे शेवटी, अखेरीस; आणि त्यातूनच आपण ‘निदान दोन दिवस तरी राहा’ असे म्हणू लागलो. एकच शब्द वैद्याच्या तोंडी ‘नक्की काय’ ते सांगतो आणि यजमानाच्या तोंडी ‘कमीत कमी किती’ ते सांगतो. डॉक्टरांना मी हे एकदा ऐकवले, तेव्हा ते म्हणाले, “आमचंही निदान बहुतेक वेळा तुमच्या अर्थाचंच असतं.”

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग जाणण्याची तीन साधने सांगितली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. त्यातील अनुमानाची उदाहरणे मोठी मासलेवाईक आहेत. रोग्याच्या शरीरातील रस वैद्याने जिभेने चाखायचा नाही; अंगावर माश्या घोंगावू लागल्या तर गोडी वाढली असे समजावे. पडलेले रक्त शुद्ध की दूषित अशी शंका आली तर ते कुत्र्याकावळ्यांपुढे टाकून पाहावे. त्याच स्थानात वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी याचेही नियम आहेत, आणि स्नेहाने चालणाऱ्या चर्चेत पराभवाची भीती बाळगू नये असे बजावले आहे. हा शेवटचा मुद्दा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो निराळ्या वेषात भेटणार आहे.

आता युरोपकडे वळू, कारण आजच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापनाची रीत तिकडून आली. विद्यार्थ्यांना खाटेजवळ नेऊन शिकवण्याची प्रथा इटलीतील पादुआ येथे सोळाव्या शतकात दिसते. अठराव्या शतकात हॉलंडमधील लायडन येथे बूरहाव्ह या अध्यापकाने अवघ्या बारा खाटांवर, सहा पुरुषांच्या व सहा स्त्रियांच्या, साऱ्या युरोपातून आलेले विद्यार्थी शिकवले. त्याचे शिष्य व्हिएन्ना आणि एडिंबरा येथे गेले आणि ही रीत तिकडे रुजली. परंतु खाटेजवळ उभे राहून गुरू जे सांगे ते खरे की खोटे, हे ठरवण्याचे साधन विद्यार्थ्याच्या हाती नव्हते. गुरूने यकृताचा विकार म्हटले की तो यकृताचा विकार.

१७६१ या एका वर्षात दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले आणि ही परिस्थिती पालटण्याची शक्यता निर्माण झाली. पहिला पादुआच्या मोर्गान्यीचा. त्या वेळी त्याचे वय एकोणऐंशी होते. जिवंतपणी रोग्याला काय होत होते आणि मरणोत्तर विच्छेदनात काय आढळले, अशी सुमारे सातशे रुग्णांची जोडणी त्याने करून ठेवली होती. दुसरी व्हिएन्नाच्या आउएनब्रुगरची छोटीशी पुस्तिका. छातीवर बोटांनी ठोकले असता निघणाऱ्या आवाजावरून आतील विकार ओळखता येतो, असे त्याने दाखवले. त्याचे वडील खाणावळ चालवत, आणि पिंपात दारू कोठवर आहे हे ठोकून पाहण्याची युक्ती त्याने तेथे पाहिली असावी, अशी आख्यायिका आहे. पुस्तिकेकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. सत्तेचाळीस वर्षांनी, १८०८ मध्ये, नेपोलियनचा वैद्य कोर्व्हिसार याने तिचे फ्रेंच भाषांतर केले तेव्हा ती युरोपभर पोचली. सर्व श्रेय स्वतःकडे घेणे कोर्व्हिसारला सहज शक्य होते. त्याने भाषांतर केले. भाषांतराला दुय्यम लेखणाऱ्या आमच्या समीक्षकांसाठी हे सांगून ठेवतो.

क्रांतीनंतरच्या पॅरिसमध्ये हे दोन्ही धागे एकत्र आले. १७९४ मध्ये तेथे नवे वैद्यकशिक्षण सुरू झाले आणि रुग्णालय हेच त्याचे केंद्र ठरले. लेनेकने १८१६ मध्ये कागदाच्या सुरळीतून हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथॉस्कोप आला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ती येथे वाढवीत नाही. मला ज्याच्याविषयी अधिक सांगायचे आहे तो पियेर लुई तितकासा प्रसिद्ध नाही.

लुईने काही वर्षे रशियात व्यवसाय केला. ओडेसा येथे घटसर्पाच्या साथीत मुले मरताना पाहून आपल्याला काहीच येत नाही अशी त्याची खात्री पटली. तो पॅरिसला परतला, व्यवसाय सोडला आणि सात वर्षे रुग्णालयात केवळ नोंदी करीत राहिला. प्रत्येक रोग्याला त्याच क्रमाने तेच प्रश्न. जे आढळले ते लिहायचे आणि जे पाहिले पण आढळले नाही तेही लिहायचे. रोगी दगावला तर विच्छेदनाच्या मेजापर्यंत त्याच्या मागे जायचे. त्या काळी ज्वर म्हटला की रक्त काढावयाचे, हा उपचाराचा सर्वमान्य प्रकार होता. एकट्या १८३३ सालात फ्रान्सने चार कोटींहून अधिक जळवा बाहेरून आणवल्या. लुईने न्यूमोनियाच्या सत्त्याहत्तर रोग्यांची मोजदाद केली. ज्यांचे रक्त पहिल्या चार दिवसांत काढले अशा एकेचाळिसांपैकी अठरा दगावले. ज्यांचे त्यानंतर काढले अशा छत्तिसांपैकी नऊ. हे आकडे १८३५ च्या ग्रंथात आहेत. रक्तस्राव करूच नये असे त्याने म्हटले नाही. त्याचा उपयोग समजतात त्यापेक्षा फारच थोडा आहे, एवढेच तो म्हणाला.

त्याहून मला महत्त्वाची वाटते ती १८३२ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेली निरीक्षण मंडळी. लुई तिचा अध्यक्ष होता आणि सभासद बहुतेक तरुण होते. एकाने आपल्या रुग्णाची हकीकत वाचावी आणि इतरांनी तिच्यातील उणिवा काढाव्यात : हे तू पाहिलेस काय, ते विचारलेस काय, हा निष्कर्ष कशावरून काढलास? अमेरिकेतून आलेल्या विद्यार्थ्यांनी हीच सवय पुढे बॉस्टनला नेली.

आणि एक विद्यार्थी ती मुंबईस घेऊन आला. चार्ल्स मोरहेड हा एडिंबराचा पदवीधर. पॅरिसला जाऊन लुईच्या हाताखाली शिकलेला हा तरुण १८२९ मध्ये कंपनीच्या मुंबई इलाख्यातील वैद्यकीय सेवेत रुजू झाला. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले. मोरहेड त्याचे पहिले प्राचार्य आणि वैद्यकाचे अध्यापक झाले. कॉलेजच्या लगत जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय होते. या रुग्णालयातील नोंदींच्या आधारे मोरहेडनी हिंदुस्थानातील रोगांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १८५६ मध्ये निघाला. त्यातील रुग्णांच्या हकीकती आणि तक्ते पाहिले की लुईचा हात ओळखू येतो.

१८५१ मध्ये या कॉलेजातून आठ पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यांत पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक झालेले आत्माराम पांडुरंग होते, गवतांच्या अभ्यासासाठी ओळखले गेलेले आमच्या गोव्याचे लिस्बोआ होते, आणि आमच्या याच तालुक्यातील मांद्रे गावी जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच भाऊ दाजी, होते. तोपर्यंत पणजीत १८४२ पासून पोर्तुगीजांची वैद्यकशाळा सुरू झालेली होती आणि तिचे पदवीधर आफ्रिकेपर्यंत जात. पण भाऊ दाजी बालपणीच वडिलांबरोबर मुंबईस गेले होते. लायडनच्या बारा खाटांपासून निघालेली परंपरा एडिंबरा, पॅरिस आणि भायखळा या मार्गाने मांद्र्याच्या मुलापर्यंत आली, याचा आपल्या शाळेतील मुलांना पत्ता असावा असे मला वाटते.

भाऊ दाजींचे पुराणवस्तूंवरील काम सर्वश्रुत आहे. अजिंठ्याचे झिजलेले लेख त्यांनी वाचले, प्राचीन अंकचिन्हांचा छडा लावला, कालिदासाच्या काळाविषयी लिहिले. अर्धवट खुणांवरून हरवलेल्या गोष्टीचा तर्क करण्याची ही बुद्धी त्यांनी खाटेजवळ कमावली असावी, असे म्हणण्याचा मोह होतो. पुरावा नसल्यामुळे तो आवरतो. परंतु एक गोष्ट सांगायलाच हवी. कुष्ठरोगावर त्यांनी कडूकवठीच्या तेलाचा प्रयोग केला आणि त्या औषधाचे स्वरूप दीर्घकाळ उघड केले नाही. त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. प्रयोग पुरा होईपर्यंत बोलू नये, असा त्यांचा विचार असेल. तरीही, ज्या परंपरेत प्रत्येक नोंद चारचौघांपुढे ठेवायची, त्या परंपरेतील हा थोर माणूस येथे मागे सरला, असे मला, मांद्र्याचा शेजारी असूनही, म्हणावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एडिंबराला जोसेफ बेल नावाचे शल्यवैद्य होते. बाह्यरुग्ण विभागात त्यांचा लेखनिक म्हणून काम करणारा विद्यार्थी म्हणजे शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉइल. त्याने एक प्रसंग सांगितला आहे. एक अनोळखी माणूस आत येतो आणि बेल त्याला सांगतात की तू सैन्यात होतास, नुकताच सुटलास, हुद्देदार होतास आणि बार्बेडोसला होतास. नंतर विद्यार्थ्यांना खुलासा : तो आदबीने वागला पण टोपी काढली नाही, म्हणजे सैन्याची सवय अजून गेलेली नाही, चेहऱ्यावर अधिकार आहे, विकार हत्तीरोगाचा, म्हणून वेस्ट इंडीज. असे वर्ग विद्यार्थी जन्मभर विसरत नाहीत. पण या गोष्टी गुरूच्या यशाच्या आहेत. चुकलेले तर्क कोणी कथेत सांगत नाही. मीही चाळीस वर्षे वर्गात ज्ञानेश्वरी शिकवली. जी ओवी मला लागत नसे ती मी बहुधा घरी वाचायला सांगत असे. विद्यार्थी थक्क होऊन बाहेर पडला म्हणजे तो तर्क करायला शिकला, असे होत नाही.

बॉस्टनच्या रिचर्ड कॅबट यांनी जे केले ते नेमके याच्या उलट. त्याचे बीज हार्वर्डमधील वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याच्या मनात पडले. त्याच्या खोलीत राहणारा मित्र कायद्याचा विद्यार्थी होता. कायद्याच्या वर्गात १८७० पासून प्रत्यक्ष खटले देऊन शिकवत. मित्र रात्री त्या खटल्यांवर तावातावाने बोले आणि कॅननला मात्र व्याख्याने पाठ करावी लागत. वैद्यकातही असे का करू नये, असा लेख त्याने १९०० मध्ये लिहिला. कॅबट यांनी ती कल्पना उचलली. १९१० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांनी एक सभा सुरू केली. दगावलेल्या रुग्णाचे केवळ कागद एका अनुभवी डॉक्टरच्या हाती द्यायचे. त्याने विद्यार्थ्यांसमोर उभे राहून, मोठ्याने, एकेक शक्यता मांडीत, एकेक खोडीत, निदानापर्यंत जायचे. ते सांगून झाले की विकृतिशास्त्रज्ञाने उठून विच्छेदनात काय आढळले ते वाचायचे. उत्तर आधीच ठरलेले आहे, ते दुसऱ्याच्या खिशात आहे, आणि गुरू सर्वांसमोर चुकू शकतो. कॅबट स्वतः वर्षानुवर्षे असे उभे राहिले. या सभांचे वृत्तांत १९२० च्या दशकापासून बॉस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापले जाऊ लागले आणि ते आजही निघतात.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९१२ मध्ये त्यांनी तीन हजार विच्छेदनांचा हिशेब प्रसिद्ध केला. खाटेजवळचे निदान किती वेळा बरोबर निघाले? मधुमेहात शंभरांत पंचाण्णव, विषमज्वरात ब्याण्णव. आणि तीव्र मूत्रपिंडदाहात अवघे सोळा. समव्यावसायिकांना हे रुचले नाही. घरातील भांडण चव्हाट्यावर आणले, अशी त्यांची भावना झाली असावी.

आता घरगुती कारण सांगतो. १९७१ मध्ये माझे थोरले बंधू मुंबईत एका कचेरीत कारकून होते, गिरगावात चाळीत राहत. वय अठ्ठावीस. त्यांना ताप येऊ लागला. रोज संध्याकाळी, बारीक. वजन उतरले. एका मोठ्या रुग्णालयात ठेवले. क्षयाचे निदान झाले, सुया सुरू झाल्या. त्या काळी असा ताप म्हणजे क्षय, हे आम्हां घरच्यांनाही पटले. आमचे डॉक्टर तेव्हा मुंबईत वैद्यकाचे विद्यार्थी होते. गावचा माणूस म्हणून संध्याकाळी खाटेजवळ येऊन बसत. सहाव्या आठवड्यात दादांच्या मेंदूत रक्ताची गुठळी गेली आणि दोन दिवसांत ते गेले.

वरिष्ठ डॉक्टरांनी विच्छेदनाची परवानगी मागितली. बाबा गप्प राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “करा.” दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांनी आम्हांला बोलावले. क्षय नव्हताच. हृदयाच्या झडपेवर जंतू वाढत होते. ते म्हणाले, “छातीतला तो आवाज मी पहिल्याच दिवशी ऐकला होता. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला असेल, त्याची जुनी खूण आहे असं समजलो आणि बाजूला ठेवला.” बाबांनी विचारले, “मग यावर औषध होतं?” ते म्हणाले, “होतं. पेनिसिलिन. चार-सहा आठवडे.” मग म्हणाले, “पुढच्या आठवड्यात मी हे मुलांपुढे मांडणार आहे.”

बाबांनी त्यांना कधी क्षमा केली नाही. मीही पुष्कळ वर्षे केली नाही. मुलांपुढे मांडणार, म्हणजे आमच्या दुःखाचा धडा करणार, असे मला वाटे. ती सभा मी पाहिली नाही. डॉक्टर तेथे होते, हे त्यांनी मला वीस वर्षांनंतर सांगितले. त्या वरिष्ठांनी रुग्णाचे कागद स्वतःच वाचले. छातीतल्या आवाजाची पहिल्या दिवसाची नोंद आली तेथे ते थांबले आणि मुलांना म्हणाले की या ओळीनंतर मी ती पुन्हा एकदाही लिहिलेली नाही, तुम्ही पाने उलटून पाहा. मुलांनी पाने उलटली. डॉक्टर सांगत होते की दालनात कोणी बोलले नाही, आणि ते स्वतः मान वर करू शकले नाहीत, कारण त्या खाटेजवळ रोज बसूनही त्यांनी कधी छातीला नळी लावली नव्हती.

या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास पुढे झाला. १९७८ मध्ये अमेरिकेतील आर्थर एल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अनुभवी डॉक्टरच्या मनात पहिल्या काही मिनिटांतच दोनचार तर्क उभे राहतात. नवशिका आणि जाणता यांत फरक आहे तो या तर्कांच्या कसाचा, तर्क करण्याच्या पद्धतीचा नव्हे. आणि एका रोगात चांगले निदान करणारा दुसऱ्यातही करीलच असे नाही. म्हणजे आधी काही ठरवू नका, कोऱ्या मनाने पाहा, हा जुना उपदेश माणसाला पाळताच येत नाही. तर्क आधी येणारच. तो पुन्हा तपासण्याची सवय तेवढी लावता येते. दादांच्या कागदावर क्षय हा तर्क चुकीचा नव्हता. तो सहा आठवडे तसाच राहिला, हे चुकले. आपल्या देशात २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून नवा वैद्यकीय अभ्यासक्रम आला आणि पहिल्या वर्षापासून रुग्णाजवळ जाण्याची सोय त्यात झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण विच्छेदनाची परवानगी आता कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही, असे तरुण डॉक्टर मला सांगतात. तपासण्यांची यंत्रे वाढली, हे त्याचे एक कारण. यंत्राचेही उत्तर कोणीतरी ताडून पाहायला हवे, हे त्यांच्याच तोंडून ऐकले.

आमच्या डॉक्टरांनी येथे चाळीस वर्षांहून अधिक काळ व्यवसाय केला. ताप पंधरा दिवसांपुढे गेला की ते प्रत्येक खेपेला छाती नव्याने तपासत. लोक कुरकुरत : “छातीच परत परत काय बघता, डॉक्टर?” त्यांच्या कागदांवर औषधे शाईने लिहिलेली असत आणि निदान पेन्सिलीने. त्यांच्या कंपाउंडरची याबद्दल कायमची तक्रार होती. पावसाळ्यात पेन्सिलीची अक्षरे पुसट होतात, मग जुना कागद काढला की वाचता येत नाही, आणि डॉक्टरांना विचारावे तर ते म्हणतात, रोग्याला बोलाव, पुन्हा बघू.